निळा धूर म्हणजे नुसतं ट्यूनिंग नव्हे

वर अण्णांनी विचारलंय की सोलापुरात होटगी रोडवरची २०१२ ची स्प्लेंडर घ्यावी का. निळसर धूर मारते, पण मालक म्हणतो 'नुसतं कार्बोरेटर ट्यूनिंग आहे'. अण्णा, कार्बोरेटर बिघडून पेट्रोल जास्त जात असेल तर धूर काळा येतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी न कळवता जा, इंजिनला हात लावून थंड आहे ना बघा (आधीच गरम करून ठेवणारे महाभाग कमी नाहीत) आणि किक स्वतः मारा. सुरुवातीला भस्सकन धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (ऑइल अडवणारं छोटं रबर) गेलंय, काम त्यामानाने किरकोळ. रेस केल्यावरही येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेलाय. मग इंजिन खोलल्याशिवाय खर्चाचा आकडा कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मिस्त्री आपला न्या, मालकाचा नको.

कागदांचं थोडक्यात: नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर ३५. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२७ ला संपणार, ती पुन्हा करायचा खर्च धरूनच भाव पाडा. आणि गाडी एमएच-१३, म्हणजे सोलापूर पासिंगची आहे ना? कर्नाटकातल्या विजापूरची केए-२८ निघाली तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणि इथला टॅक्स मागे लागतो, मी तरी तिच्या नादी लागणार नाही.