मदत हवी आहे : वजनाला हलका ग्रास ट्रिमर कोणता घ्यावा?

पडवीकर : गणपती बारा दिवसांवर आले आहेत आणि घराभोवतीचे गवत गुडघ्याच्या वर गेले आहे. दर वर्षी येणारा गडी या खेपेस येऊ शकत नाही. शेजाऱ्यांचा पेट्रोलवरचा ब्रश कटर काल आणून पाहिला. दहा मिनिटांत खांदा भरून आला आणि हाताच्या मुंग्या रात्रीपर्यंत गेल्या नाहीत. तेव्हा खरोखर हलका असा ट्रिमर सुचवावा. उद्याच रत्नागिरीला जाणार आहे, त्यामुळे कृपया लवकर कळवावे.

गुंठेवारी : आवार किती, गवत कोणते, यंत्र चालवणार कोण आणि विजेचा प्लग कुठे आहे, यांपैकी आपण काहीही लिहिलेले नाही.

आमराई : पेट्रोलला पर्याय नाही. माझा टू-स्ट्रोक कटर साडेसात किलोचा आहे. पण पट्टा नीट बांधला की भार खांद्यावर न येता कमरेवर येतो, आणि वीज गेली तरी काम अडत नाही.

गुंठेवारी : त्यांचा खांदा पेट्रोलच्या कटरनेच भरून आला आहे, हे आपण वाचलेले दिसत नाही.

हिरवळ_पुणे : आम्ही बंगल्यातल्या लॉनवर हाताने ढकलायचा मूवर वापरतो. आवाज नाही, खर्च नाही आणि गवत अगदी गालिच्यासारखे एकसारखे राहते.

पडवीकर : आमच्याकडे लॉन नाही. आवार तीन गुंठ्यांचे असून त्यात हराळी, लाजाळू आणि जांभ्याच्या गडग्यालगत माजलेले रान आहे. प्लग पडवीत आहे. यंत्र मीच चालवणार, वय ६१. बॅटरीवरचा घ्यावा असे मुलगा म्हणतो.

जुना_वायरमन : मुलाला हिशेब करायला सांगावा. २० व्होल्ट, २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम ४० वॉट-अवर. मोटर २०० वॉट घेत असेल, तर कागदावरसुद्धा बाराच मिनिटे मिळतात. तीन गुंठ्यांना दोन-तीन बॅटऱ्या लागतील आणि एकेकीची किंमत ऐकून आपण परत विळा हातात घ्याल. प्लग जवळ असताना अडीच-तीन किलोचा, वायरचा ट्रिमर घ्यावा. वायर १.५ चौरस मिलिमीटरची असावी, प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) असावा आणि गवत ओले असताना यंत्राला हात लावू नये.

आमराई : भाद्रपदात कोकणात कोरडे गवत दाखवावे, मी बक्षीस देतो.

जुना_वायरमन : उघडीप मिळाली की दुपारी दोन तास मिळतात. तेवढे पुरतात.

माहेरवाशीण : कोणताही ट्रिमर घेतला तरी गुडघाभर गवतात तो एकदम घालू नये, कारण ट्रिमर फिरत्या नायलॉनच्या दोरीने कापतो आणि लांब पाती त्या दोरीच्या डोक्याभोवती गुंडाळली जातात आणि मोटर तापते. आधी विळ्याने वरचे कापून घ्यावे, मग खालचे ट्रिमरने. गडग्याजवळ प्रथम काठीने चाळवावे आणि गमबूट घालावेत. जांभ्याच्या फटींत फुरसे असते. आवारात लहान कलमे आहेत का?

पडवीकर : चिकूची चार आहेत, गेल्या वर्षी लावलेली.

माहेरवाशीण : मग त्यांच्या बुंध्याभोवती वीतभर जागा खुरप्यानेच काढावी. आमच्या एका कलमाची साल नायलॉनच्या दोरीने बांगडीसारखी गोल सोलली गेली. आठवडाभर ते हिरवे दिसले, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि पुढे उभ्या जागी वाळले.

पडवीकर : वायरचाच घेतला, वजन २.४ किलो. दुकानात तयार स्पूल (दोरी गुंडाळलेली चकती) शिल्लक नव्हता, म्हणून १.६ मिलिमीटरच्या दोरीचे सुटे रीळ आणले आहे. ती स्पूलवर कोणत्या दिशेने गुंडाळावी?

जुना_वायरमन : स्पूलवर बारीक बाण कोरलेला असतो, त्या दिशेने, वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत. दोरी रात्रभर पाण्यात भिजवून मगच गुंडाळावी, म्हणजे दगडाला लागून पटकन तुटत नाही.