'देम'च्या रेकॉर्डवर नक्की वाजवतंय कोण? आणि बँड फुटला का?

तीनतारा: बेलफास्टच्या 'देम' या साठच्या दशकातल्या बँडचं 'ग्लोरिया' हे गाणं गिटारवर बसवायचं आहे. मूळ रेकॉर्डवर बेलफास्टचीच पोरं आहेत की लंडनचे भाडोत्री वादक? गिटारवादक जिमी पेज आहे म्हणतात, ते खरं का? आणि दोन वर्षांत सगळं संपलं कसं?

रिदमवाला: दोन्ही आहेत. 5 जुलै 1964 ला लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत पहिलं रेकॉर्डिंग झालं. पोरं नवखी वाटली म्हणून डेक्काचे डिक रो यांनी ड्रमवर बॉबी ग्रॅहम आणि ऑर्गनवर आर्थर ग्रीनस्लेड यांना बसवलं. पेजचं नाव खात्रीने घ्यावं ते 'बेबी प्लीज डोन्ट गो' या दुसऱ्या गाण्यासाठी, तेही साथीच्या गिटारवर. त्यातली ओळखीची सुरावट बँडच्याच गिटारवाल्या बिली हॅरिसनची.

वाजवताना: ई, डी, ए, तीनच कॉर्ड. ई जेवढा वेळ, तेवढ्यातच डी आणि ए मिळून. बहुतेकांचं बिघडतं ते ए वरून ई ला परतताना. ए लांबतो, ठेका ढिला पडतो. डी-ए झटकन सोडा आणि ई वेळेवर गाठा. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) नको.

मॅरिटाइम६४: फुटण्याचं बी सुरुवातीलाच होतं. आयर्लंडमध्ये तेव्हा शोबँडचा जमाना: एकसारखे सूट, चार्टमधल्या गाण्यांची नक्कल, मोठे डान्स हॉल. 'देम'चा गायक व्हॅन मॉरिसन 'मोनार्क्स' या शोबँडमधूनच आला. एप्रिल 1964 मध्ये बेलफास्टच्या मॅरिटाइम हॉटेलच्या हॉलमध्ये 'देम' उभा राहिला तो कच्च्या ब्लूजवर. तिथे एकच गाणं मनाला येईल तितकं ताणायचे. तेच सिंगलवर तीन मिनिटांत कोंबल्यावर निम्मा जीव गेला, असं माझं ठाम मत आहे.

माणसंही टिकली नाहीत. बँडला नाव सुचवणारा एरिक रिक्सन शाळकरी होता. आईवडिलांनी करारावर सही केली नाही, म्हणून त्याच्या जागी पॅट मॅकॉली आला. 1965 च्या मार्चमध्ये 'हिअर कम्स द नाइट' निघालं, ब्रिटनमध्ये 2 ऱ्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात हॅरिसन बाहेर. जून 1966 मध्ये लॉस एंजेलिसच्या 'व्हिस्की अ गो गो' क्लबमध्ये 'देम' वाजवत होते, आणि त्यांच्याआधी 'द डोअर्स' हा बँड वाजवायचा. शेवटच्या रात्री दोन्ही बँडनी मिळून 'ग्लोरिया' वाजवलं. तोवर मॉरिसनसोबत मूळ संचातला फक्त बेसवाला अ‍ॅलन हेंडरसन उरला होता. मॅनेजर फिल सॉलोमनशी दौऱ्याच्या पैशांवरून वाजलं, मॉरिसन बेलफास्टला परतला. बाकीच्यांनी केन मॅकडॉवेलला गायक घेऊन अमेरिकेत नाव चालवलं. त्या रेकॉर्डही ऐका, पण हा दुसराच बँड आहे.

तीनतारा: मग विकत घ्यायचं काय?

रिदमवाला: 1965 चा पहिला अल्बम. ब्रिटिश आवृत्तीत 14 गाणी, 'ग्लोरिया' आहे, पण 'बेबी प्लीज' आणि 'हिअर कम्स' नाहीत. अमेरिकन आवृत्तीत 12, त्यात 'हिअर कम्स' आहे. दोन्ही हवी असतील तर सिंगल्सचा संग्रह घ्या, आणि शक्य तिथे मोनो (स्टिरिओ नव्हे, एकाच वाहिनीचा आवाज). तो आवाज मोनोसाठीच बांधलेला आहे.