स्टँड अप 'फॉर' की 'टू'?

नमस्कार मंडळी,
एक अडलंय. परवा ऑफिसात एका ज्युनियर मुलीवर उगाच खापर फोडत होते, मला राहवेना, मी मधे पडलो आणि नंतर बॉसला मेलमधे लिहिलं, 'आय स्टूड अप टू हर'. लगेच बॉसचा फोन, तुझं तिच्याशी काय वाजलं म्हणून! अहो मी तर तिचीच बाजू घेतली होती. काय चुकलं?

---

अरे, चुकलाय तो नुसता 'टू'.

कोणाची बाजू घेऊन बोललास तर 'स्टँड अप फॉर', आणि दादागिरी करणाऱ्यासमोर न डगमगता उभा राहिलास तर 'स्टँड अप टू'. म्हणजे तिच्यासाठी 'फॉर' आणि खापर फोडणाऱ्यांना 'टू'. तू एका दमात दोन्ही केलंस ना, तिथेच गल्लत झाली असणार. मी मनात आधी मराठीच म्हणून बघते, 'च्या बाजूने' आलं की फॉर, 'च्यासमोर' आलं की टू, अजून तरी फसले नाहीये. आणि दोन्ही गाळून 'आय स्टूड हर अप' असं तर चुकूनही लिहू नकोस, म्हणजे भेटायचं ठरवून तू गेलाच नाहीस, तिला ताटकळत ठेवलंस.

खरी मेख मला वाटते 'स्वतः'ची आहे. आपल्याकडे मी स्वतः, तू स्वतः, ती स्वतः, शब्द हलत नाही, इंग्रजीत मात्र मायसेल्फ, युअरसेल्फ, हरसेल्फ असा माणसागणिक बदलतो, त्यामुळे बोलण्याच्या भरात 'शी स्टूड अप फॉर हिमसेल्फ' निघून जातं. माझ्या भाचीने तर निबंधात 'यू शुड स्टँड अप फॉर यू' लिहिलं होतं. तिथे युअरसेल्फच हवं, नुसतं यू चालत नाही.

---

आता डोक्यात शिरलं ताई! मग 'आय वोन्ट स्टँड फॉर इट' म्हणतात ते काय?

---

त्यात 'अप' कुठंय? तो निराळाच प्रयोग, मी हे खपवून घेणार नाही असा. तिथे 'अप' घातलास तर मी त्याची बाजू घेणार नाही असं होऊन बसेल.

बॉसला आजच एका ओळीची मेल टाक, 'आय मेंट, आय स्टूड अप फॉर हर'. आणि तिला सीसीत ठेव रे, आपल्या बाजूने कोणीतरी बोललं हे तिलाही कळू दे.