मदत हवी आहे: शुगर असलेल्या माणसाला त्याच्या मनाबद्दल कसं विचारावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे मधुमेह असलेल्या प्रौढांचं भावनिक स्वास्थ्य. वाचन झालंय, मार्गदर्शक मॅडमनी आराखडा मान्य केलाय, एथिक्स कमिटीकडे कागद गेलेत. आता प्रत्यक्ष माणसांना भेटायचंय आणि तिथे मला तुमची मदत हवीय. इथे शुगर असलेले, घरात कुणाचं पथ्यपाणी सांभाळणारे आणि दवाखान्यात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

नेमकं काय शोधतेय ते आधी सांगते. पथ्य, गोळ्या, सुया, तपासण्या, पुढे डोळे किंवा किडनी जाईल ही धास्ती, शिवाय 'आपलंच काहीतरी चुकतंय' ही टोचणी. या सगळ्याचा रोज साचत जाणारा जो ताण असतो त्याला संशोधक 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. नैराश्य वेगळं, हा वेगळा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण नैराश्य नसलेला माणूसही या ताणाने पार पिचलेला असतो. तो मोजायला अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'पेड' ही २० प्रश्नांची प्रश्नावली केली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, बेरजेला सव्वाने गुणायचं; १०० पैकी ४० किंवा वर गेले तर ताण गंभीर धरतात. २००५ मध्ये १७ प्रश्नांची दुसरी प्रश्नावली आली. तिचे चार भाग आहेत: मनावरचं ओझं, डॉक्टरांबद्दलच्या अडचणी, औषध-पथ्याचा जाच आणि जवळच्या माणसांचं वागणं. 'डॉन-२' हा अभ्यास १७ देशांत झाला, त्यात भारतही होता. मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी जवळपास ४५ टक्के लोकांत असा ताण दिसला, तर नैराश्याची शक्यता साधारण १४ टक्क्यांत. म्हणजे ओपीडीत फक्त नैराश्य शोधलं तर कितीतरी माणसं नजरेतून सुटणार. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या आईला शुगर आहे. तिच्या फाईलमध्ये आकडे सगळे आहेत, 'तुम्हाला हे सगळं झेपतंय का' या प्रश्नाला मात्र जागाच नाही.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी अडचण एकांताची. प्रश्नावली नीट चालते का ते पाहायला म्हणून मी ओळखीतल्या काही घरांत जाऊन आले. प्रश्न आईला विचारला की उत्तर मुलगा देतो, नवऱ्याला विचारला की बायको सांगते. आणि सतराच्या प्रश्नावलीचा चौथा भाग तर घरच्यांबद्दलच आहे! पंगतीत ताटाकडे बघत 'तुला चालतं का गं हे?' असं चारचौघांत विचारणाऱ्या नणंदेसमोर कोण खरं बोलेल? माणसं मायेपोटीच विचारतात, पण ज्याला विचारतात तो घास हातात धरून बसतो. न दुखावता घरच्यांना बाजूला कसं करायचं? कुणी घरोघर सर्व्हे केला असेल, आशाताई म्हणून काम केलं असेल, तर तुम्ही कोणत्या शब्दांत सांगता?

दुसरी अडचण वेळेची. मला सुशिक्षित, नोकरदार लोकांपुरता अभ्यास करायचा नाही. विडी वळणाऱ्या बायका आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले कामगार घेतल्याशिवाय सोलापूरचा अभ्यास कसला? कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत एक मावशी भेटल्या. मांडीवर सूप, हात चालूच. शिबिरातल्या तपासणीबद्दल विचारलं तर डाव्या हाताची करंगळी पुढे करून दाखवली: 'हितं टोचा म्हणून सांगते. पान वळायच्या बोटाला टोचलं की दिवसभर ठणकतंय.' मग हळूच म्हणाल्या, 'शुगर किती ते सगळे विचारतेत. मला कोण विचारायलंय?' कोणत्याच छापील प्रश्नावलीत हे करंगळीचं सापडणार नाही. म्हणून ठरावीक प्रश्नांच्या आधी थोडं मोकळं बोलणं ठेवायचंय, पण त्यांचा कामाचा वेळ मोडून नाही. दुपारी गेलं तर चालेल, की विड्या कारखान्यात देऊन आल्यावर?

यंत्रमागावरची मंडळी तर शुगर आहे हेच लपवतात. रात्रपाळीत जेवण लांबलं, शुगर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरले, तरी 'ॲसिडिटी झाली' म्हणतात, कारण मालकाला कळलं तर पाळी जाईल ही भीती. त्यांना कारखान्यात भेटायचंच नाही हे मी पक्कं केलंय. मग कुठे भेटू?

तिसरं मला सगळ्यात जास्त सतावतंय. सोबत नैराश्य तपासायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार आहे. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. कुणी 'हो' म्हणालं तर? फॉर्म गोळा करून निघून येणं मला जमणार नाही आणि ते बरोबरही नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर प्रत्येकाला देणार आहे, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतही त्याच दिवशी सोबत नेण्याची तयारी आहे. पण ज्याचा रोज बुडेल तो येईल का? प्रत्यक्ष काम केलेल्या समुपदेशकांनी यावर जरूर लिहा.

भर: खाली दोघांनी विचारलंय की नुसतं विचारून उपयोग काय. चेन्नई, बंगळूर, दिल्ली आणि विशाखापट्टणम इथल्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शुगर ताब्यात नसलेले आणि नैराश्यही असलेले ४०४ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांसाठी एक प्रशिक्षित समन्वयक नेमला होता. तो मन आणि शुगर दोन्हींची चौकशी करत राहायचा, तज्ज्ञ डॉक्टर त्याच्या पाठीशी असायचे. दोन वर्षांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटात जास्त लोकांचं नैराश्य आणि तब्येतीचे आकडे, दोन्ही सुधारले होते. म्हणजे विचारणारं माणूस मिळालं आणि त्यामागे व्यवस्था असली तर फरक पडतो.

संमतीपत्रावर अंगठा घेताना साक्षीदार लागेल, तो घरचा नको हे ज्यांनी सुचवलं त्यांचे मनापासून आभार. साक्षीदार संमतीपुरता, मुलाखतीला थांबणार नाही, असं कमिटीला लिहून देतेय.

कृपया स्वतःचे किंवा नातेवाइकांचे रिपोर्ट, नावं, दवाखान्याची नावं धाग्यावर टाकू नका. वैयक्तिक काही सांगायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पूर्व भागात तेलुगू बोलणारी मैत्रीण सोबत यायला तयार झालीय. विजापूर वेशीकडे उर्दू बोलणाऱ्या बायकांना भेटायला मात्र अजून कुणी मिळालेलं नाही. शक्यतो बाईच हवी, रविवारी दुपारी वेळ देऊ शकणारी. ओळखीत कुणी असेल तर कळवा.