शब्दचर्चा : ‘सुधारणा’, ‘दुरुस्ती’ की ‘फेररचना’? (वानंगांच्या परिषदांच्या निमित्ताने)

प्रश्न

न्यूझीलंडमधील माओरी उच्चशिक्षण संस्थांविषयी, म्हणजे वानंगांविषयी, एक टिपण लिहिताना ‘२०१५ साली परिषदांच्या नियमांत सुधारणा झाली’ या वाक्यापाशी मी अडलो आहे. १९८९ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे अशा संस्थेच्या परिषदेवर, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, १२ ते २० सदस्य असत आणि त्यांतले चार मंत्र्यांनी नेमलेले असत. २०१५ मध्ये सदस्यसंख्या ८ ते १२ वर आणली गेली. मंत्र्यांच्या वाट्याच्या तीन किंवा चार जागा मात्र राहिल्या, आणि कर्मचारी व विद्यार्थी यांच्या हक्काच्या जागा गेल्या (त्या २०१८ मध्ये परत मिळाल्या). विसातले चार आणि बारातले चार यांत किती अंतर आहे, हे सभेत मत मोजणाऱ्याला सांगावे लागत नाही. अशा बदलाला ‘सुधारणा’ म्हणावे काय? शिवाय या संस्थांना ‘आदिवासी’ म्हणावे की ‘मूलनिवासी’, हेही ठरत नाही.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. कायद्याच्या मराठीत ‘सुधारणा’ हा शब्द तटस्थ आहे. विधिमंडळापुढे येणाऱ्या विधेयकाच्या नावात तो कंसात बसतो आणि बदल चांगला की वाईट, याविषयी काहीच सांगत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात उच्चशिक्षणमंत्र्यांना विद्यापीठांचे प्र-कुलपती करू पाहणारे विधेयक मंजूर झाले, तेही ‘सुधारणा’ विधेयकच होते, आणि त्यावर किती वाद झाला हे आपण पाहिलेच आहे. परंतु कायद्याबाहेर, समाजसुधारणेपासून ‘पोरगा सुधारला’पर्यंत, या शब्दाला चांगुलपणा चिकटलेला आहे, आणि वाचक तोच अर्थ घेणार. ‘दुरुस्ती’ घटनेला चालते, पण आधी काहीतरी बिघडले होते असे ती सुचवते. म्हणून कायद्याचे नाव देताना ‘सुधारणा’ ठेवावी आणि स्वतःच्या वाक्यात ‘परिषदेची फेररचना’ लिहावे, असे माझे मत आहे.

जाता जाता आणखी एक. या बदलाआधीच्या सदस्यांपैकी पुष्कळ जण ‘प्रतिनिधी’ होते, म्हणजे कोणाच्या तरी वतीने बसलेले. नंतर भर आला तो कारभाराची जाण असलेल्या ‘सदस्यां’वर. आपल्या विद्यापीठांच्या अधिसभेत निवडून आलेला, नामनिर्देशित आणि पदसिद्ध हे भेद सर्वांच्या तोंडी आहेत. ते इथे नेमके वापरावेत. सरसकट ‘सदस्य’ म्हटले की सगळा वाद त्या एका शब्दाखाली दडपला जातो.

प्रतिसाद २

‘आदिवासी’ म्हटल्यावर मराठी वाचकासमोर अनुसूचित जमाती आणि आश्रमशाळा येतात, ‘मूलनिवासी’ला आपल्याकडच्या चळवळींचा वेगळा संदर्भ आहे, आणि ‘भूमिपुत्र’ म्हणावे, तर नोकऱ्यांतल्या स्थानिकांचे आंदोलन आठवते. माओरी स्वतःला ‘तांगाता फेनुआ’ म्हणतात. ‘तांगाता’ म्हणजे माणसे. ‘फेनुआ’ म्हणजे भूमी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वार, जी बाळंतपणानंतर मातीत पुरण्याची त्यांची रीत आहे. ‘आमची नाळ इथे पुरली आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून एकदा हा खुलासा करावा आणि पुढे सरळ ‘माओरी’ लिहावे. ‘वानंगा’ही तसाच ठेवावा. तो विद्येचा, परंपरागत ज्ञानाचा आणि एकत्र बसून केलेल्या विचारविनिमयाचा शब्द आहे. ‘विद्यापीठ’ म्हटले की त्यातली बैठक हरवते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘फेररचना’ आणि ‘माओरी’ हे दोन्ही स्वीकारतो. आता एकच शब्द उरला आहे. २०२३ च्या कायद्याने प्रत्येक वानंगाला आपले स्वरूप निवडण्याची वाट खुली केली, अगदी सरकारी संस्थांच्या चौकटीबाहेर पडण्याचीसुद्धा. ओताकी येथील ‘ते वानंगा ओ राउकावा’ ही संस्था १९८१ मध्ये तीन इवींनी, म्हणजे जमातींनी, मिळून उभारली. अशा संस्थेची परिषद कोणाला ‘जबाबदार’ असावी, असे मी लिहिले होते. पण ‘अपघाताला चालक जबाबदार’ या वापरामुळे त्यात दोषाची छटा येते, असे वाटले.

प्रतिसाद १

मग ‘उत्तरदायी’ घ्या. ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते’ हे वाक्य शाळेपासून पाठ असल्यामुळे ‘जबाबदार’ चुकीचा नाही. परंतु इथे मुद्दा हिशेब कोणापुढे ठेवायचा हा आहे, दोष कोणाचा हा नाही. ‘परिषद मंत्र्यांना उत्तरदायी असावी की इवींना’ असे लिहिल्यास वाक्य सरळ उभे राहते. फक्त ‘इवीं’ना तळटीप द्यावी लागेल, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थ हाड असा आहे, आणि ‘जमात’ या आपल्या शब्दात तो कुठेच नाही.