'नॅशनल होम'ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा: दिवाळी अंकासाठी बाल्फोर जाहीरनाम्यावरचा लेख मराठीत आणतेय (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या 'नॅशनल होम'ला पाठिंबा देणारं ब्रिटिश सरकारचं १९१७ चं पत्र). 'नॅशनल होम'पाशी दोन दिवस अडलेय. 'राष्ट्रीय घर' म्हटलं की घरकुल योजना वाटते. संपादक म्हणतात, 'मातृभूमी' घाला.

टाक: मातृभूमी नकोच. शब्द मुद्दाम गुळमुळीत ठेवलाय. ज्यूंच्या १८९७ च्या बाझल इथल्या झायनिस्ट परिषदेतही 'राज्य' टाळलंच होतं. 'राष्ट्रनिवास' घ्या.

पायरीचा दगड: 'राष्ट्रनिवास' हे सरकारी विश्रामगृह झालं! खरी गोम इंग्रजीतल्या 'अ'मध्ये आहे. जुलै १९१७ च्या मसुद्यात पॅलेस्टाईन हेच ज्यूंचं 'द नॅशनल होम' होतं. २ नोव्हेंबरच्या पत्रात ते पॅलेस्टाईन'मध्ये' 'अ नॅशनल होम' झालं. मराठीला ना 'अ' ना 'द'. म्हणजे सगळा भार त्या 'मध्ये'वर आणि 'एक'वर. शिवाय तिथे दहात नऊ जण अरब, पण पत्रात ते नुसते 'सध्याचे बिगरज्यू समाज'. तिथे 'अरब' लिहून मोकळ्या होऊ नका, न घेतलेलं नाव तसंच दिसू द्या.

वहाणा: अरबीत याला 'वतन कौमी' म्हणतात. वतन आपल्याकडे आहेच की.

टाक: आपल्या वतनाला पाटीलकी नि चावडी चिकटलीय. उगाच फारसी कशाला?

वहाणा: अरबी आहे हो. आणि 'जाहीरनाम्या'तला 'नामा' फारसी, तो बरा चालतो?

रेवदंडेकर: आमच्या शेजारच्या शनवार तेल्यांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, आजी साठच्या दशकात इस्रायलला गेल्या. निघताना म्हणाल्या, "आमच्या मुलकात चाललो." पुढे तिकडून पत्रं यायची, त्यांत 'मुलूख' म्हणजे रेवदंडा. "मुलकात आंबा कसा आहे यंदा?"

खडूफळा: अगं बाई! 'मुलूख' छान आहे. पण बाल्फोरच्या तोंडी?

टाक: मुलूखही अरबीच.

काठीघोंगडं: वतनाचं एवढं कौतुक नको. आमच्या पणजोबांकडे महारवतन होतं. हातात दीडवितीचा तुकडा आणि राबणूक रात्रीअपरात्री साऱ्या गावाची. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात विधेयक आणलं ते उगाच नाही.

वहाणा: मान्य. आमचं कुलकर्णी वतन होतं, पण त्यात दप्तर लिहायचं, लाकडं फोडायची नव्हती.

काठीघोंगडं: तेच म्हणतोय.

खडूफळा: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. घर, निवास की मुलूख?

टाक: 'वतन'चं अनेकवचन वतनं की वतने? जुन्या कागदांत दोन्ही दिसतात.