ताडोबा म्हणजे फक्त वाघ नाही ना

कोणीतरी लिहिलं का वाघ दिसला नाही तर ताडोबात पैसे वाया जातात, मले हे बिलकुल पटलं नाही. नावच तारू देवावरून पडलं, तारू गावचा प्रमुख होता अन वाघासोबत झुंजताना गेला असं आमच्याकडचे गोंड लोक सांगतात, तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे अन पौषात तिथं जत्रा भरायची. १९५५ चं नॅशनल पार्क आहे हे, राज्यातलं सगळ्यात जुनं.

आणि अंधारी नदी? इथल्या अंधारी अभयारण्याले तिचंच नाव, पण तिच्याकडे कोणी पाहातच नाही. उन्हाळ्यात धार आटली का काठच्या ओल्या रेतीत सांबराचे खुर, मोराचे पंजे, मधातच वाघाचा पगमार्क म्हणजे पंजाचा ठसा, पाणी भरलेला. गाडी थांबवून तेवढं तरी पाहा.